महाराष्ट्राचा भूगोल, हवामान आणि झाडोरा: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणी दहावीला बसलं, कुणी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणली किंवा जूनमध्ये आभाळ भरून आलं, की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर अशा सगळीकडून हे प्रश्न येतात. उत्तरं देताना जमेल तिथं आपल्याच भागातली उदाहरणं घेतली आहेत. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा भेटेल: तुम्ही सह्याद्रीच्या कोणत्या अंगाला आणि त्याच्यापासून किती लांब आहात, यावर पाऊस, माती, झाडं आणि ताटातली भाकरी की भात, हे बरंचसं ठरतं.

महाराष्ट्राचे विभाग नक्की किती? पुस्तकात तीन, बातम्यांत पाच आणि सरकारी कागदावर सहा दिसतात.

हवामान खात्याच्या अंदाजात तर चारच असतात. सगळे आकडे बरोबर आहेत, फक्त मोजण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं आहे.

जमिनीच्या घडणीप्रमाणे पाहिलं तर कोकणची किनारपट्टी, सह्याद्री आणि त्यापलीकडचं पठार असे तीन भाग पडतात. बोलण्यात आणि राजकारणात कोकण, पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र म्हणजे खानदेश-नाशिक, मराठवाडा आणि विदर्भ असे पाच. महसुलाच्या कारभारासाठी कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे सहा विभाग, त्यांत मिळून ३६ जिल्हे. हवामान खातं कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग धरतं.

खरा घोळ या ‘मध्य महाराष्ट्रा’मुळे होतो. त्यात नंदुरबार, जळगावपासून कोल्हापूर, सोलापूरपर्यंत सगळं येतं. त्यामुळे ‘मध्य महाराष्ट्रात अतिवृष्टीचा इशारा’ असं टीव्हीवर दिसलं म्हणून जळगावच्या मावशीला लगेच फोन लावू नका. तो इशारा बहुधा महाबळेश्वर किंवा राधानगरीच्या घाटमाथ्यासाठी असतो. अंदाज जिल्हावार पाहावा.

परीक्षेत ‘प्राकृतिक विभाग’ असं विचारलं तर उत्तर तीन. उत्तरेचा सातपुडा वेगळा सांगितलात तर बिघडत काही नाही. नंदुरबारच्या तोरणमाळपासून मेळघाटाच्या गाविलगड डोंगरांपर्यंत त्याचा थाट सह्याद्रीहून निराळाच आहे.

ठाणे-नवी मुंबई कोकणात येते का? कोकण म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्ग ना?

येते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पट्टी कोकणच, आपण तिच्या उत्तर भागात राहतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्हा थेट गुजरातच्या सीमेला भिडत होता.

कोकणचेही दोन पदर आहेत. किनाऱ्यालगतची सखल, खाड्यांची जमीन ती खलाटी. आत सह्याद्रीच्या पायथ्याकडची चढउतारांची जमीन ती वलाटी. वाशी, ऐरोली, कोपरी, कळवा ही खलाटी. मुरबाड, शहापूर ही वलाटी. कळवा-मुंब्रा आणि नवी मुंबई यांच्या मध्ये उभा असलेला पारसिकचा डोंगर हा या पट्टीत मधेच राहून गेलेला कठीण खडकाचा तुकडा आहे. मेल-एक्स्प्रेसने दिव्याकडे जाताना तुम्ही १९१६ च्या बोगद्यातून त्याच्या पोटातून जाता; २०२२ पर्यंत जलद लोकलही तिथूनच जात.

कोकण बहुतेक ठिकाणी अरुंद आहे, पण उल्हास नदीच्या खोऱ्यात ते सगळ्यात रुंद होतं. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत एवढी शहरं या भागात मावली, त्याचं एक कारण ही सपाटी.

सह्याद्री डोंगररांग आहे की पठाराची कड? वर गेल्यावर पलीकडे उतार लागतच नाही!

निरीक्षण अचूक आहे. कोकणातून पाहिलं तर सह्याद्री भिंतीसारखा उभा दिसतो, पण माळशेज किंवा बोरघाट चढून गेलात की पलीकडे तसाच खाली उतरत नाही. तुम्ही पठारावर पोहोचलेले असता आणि ते पठार पूर्वेकडे हळूहळू कलत जातं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरांवर थर बसत गेले. आज राज्याची चार-पंचमांशाहून अधिक जमीन याच काळ्या बसाल्टची, म्हणजे आपल्या बोलीतल्या काळ्या पाषाणाची आहे. घाटातल्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात ते हे थर. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. गडांचे ताशीव कडे आणि लेणी या खडकामुळे शक्य झाली. राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मी.) आणि त्याखालोखालचं साल्हेर (१५६७ मी.) दोन्ही उत्तर सह्याद्रीत आहेत. तिकडे ठाण्याहून पहाटे निघून रात्री परत येणारे ट्रेकर कमी नाहीत.

उतार पूर्वेला असल्याचा सगळ्यात सुंदर पुरावा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत मिळतो. वैतरणा आणि गोदावरी दोघींचा उगम त्याच परिसरातला. वैतरणा पश्चिमेला उतरून पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. गोदावरी मात्र समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किमी चालत बंगालच्या उपसागराला जाते. तापी हा अपवाद: ती खानदेशातल्या खचलेल्या खोऱ्यातून पश्चिमेला वाहते.

पूर्व विदर्भात खडक बदलतो. तिथं बसाल्ट संपून त्याहून जुने खडक लागतात आणि चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा त्यामुळेच आहे. सगळा महाराष्ट्र काळ्या पाषाणाचा, हे म्हणणं तिथं थांबतं.

आपल्याकडे गुडघाभर पाणी साचतं आणि त्याच दिवशी अहिल्यानगरकडे टँकर फिरतात. एवढा फरक कसा?

नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीवर आदळून वर चढतात. वर हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि ते कोकणात नि घाटमाथ्यावर ओतलं जातं. पलीकडे हवा खाली उतरते तेव्हा ती तापते आणि कोरडी होते. ढग दिसतात, पाऊस पडत नाही. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश.

आकडे पाहा. ठाण्यात वर्षाला २५०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीसारख्या ठिकाणी तो सात हजारांच्या घरात जातो. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे, तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला दोन हजारांच्या आत आणि घाट उतरून वाईला हजाराच्याही खाली. एसटीच्या तासाभराच्या प्रवासात एवढा बदल! पुढे माण, खटाव, सांगोला, कर्जत (रायगडचं नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं) या पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिमीवर येतो. इतका पाऊस ठाण्यात जुलैच्या एखाद्या आठवड्यातही पडून जातो.

पण दुष्काळ नुसत्या कमी पावसाने येत नाही. तो पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो, हे जास्त जाचक. तीन आठवड्यांचा खंड पडला तर पेरलेलं करपतं, मग शेवटी सरासरी भरली तरी शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. १९७२ चा दुष्काळ या भागातले वयस्कर लोक अजून सांगतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं.

मग विदर्भात पुन्हा पाऊस कसा वाढतो? तो तर सह्याद्रीपासून सगळ्यात लांब आहे.

कारण विदर्भाचा बराचसा पाऊस आपल्या बाजूने येतच नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ते ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि पूर्व विदर्भाला भिजवतात. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस आधी झपकन उतरतो, मराठवाड्यात थोडा सावरतो, नागपूरला हजार मिमीच्या पुढे जातो आणि गडचिरोलीत त्याहून वाढतो. तिथलं दाट जंगल आणि भंडारा-गोंदियाची भातशेती यावरच उभी आहे.

ठाण्यातून महाराष्ट्राकडे पाहताना हीच चूक नेहमी होते: घाटापलीकडे सगळं कोरडं, असं आपण धरून चालतो.

शहापूर तालुक्यात एवढी धरणं, तरी तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का?

याचं अर्धं उत्तर भूगोलात आहे. वलाटीत पाऊस चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली सलग कातळ. पाणी मुरण्याआधीच ओढ्यांतून नदीला आणि नदीतून खाडीला जातं. डिसेंबर सरता सरता विहिरी तळ गाठतात.

उरलेलं अर्धं उत्तर वाटपाचं आहे. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं प्रामुख्याने मुंबई-ठाण्याची तहान भागवतात. जलवाहिन्या ज्या गावांच्या उशापायथ्यातून जातात, तिथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चालताना दिसतात. नवी मुंबईला खालापूरकडच्या मोरबे धरणाचं पाणी मिळतं, म्हणून तिथं कपातीची ओरड तुलनेने कमी. हा निसर्गाचा नियम नव्हे, माणसांनी केलेली व्यवस्था आहे, आणि ती बदलता येते.

मार्चमध्ये ठाणे एकदम का भाजून निघतं? मे तरी यापेक्षा बरा वाटतो.

मार्चमध्ये वारा अनेकदा पूर्वेकडून, तापलेल्या पठारावरून येतो. घाट उतरताना तो आणखी तापतो. एरवी दुपारी समुद्राकडचा गार वारा सुटून आपल्याला वाचवतो, पण पूर्वेचा वारा जोरात असला की तो उशिरा पोहोचतो. ठाणं समुद्रापासून आत, येऊरच्या डोंगरांच्या मागे असल्याने इथं तर आणखी उशीर. कल्याण, बदलापूर, कर्जतचं याहून वाईट. मेमध्ये समुद्राचा वारा लवकर आणि नेमाने येतो. पारा तेवढा चढत नाही, घाम मात्र सुटतो.

ऑक्टोबरचा उकाडा वेगळा. पाऊस परततो, आभाळ निरभ्र होतं, जमीन अजून ओली असते आणि वारा पडलेला असतो.

समुद्रापासून जितकं लांब जाल तितकं हवामान टोकाचं होतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीत मेमध्ये ४५ अंश ओलांडणं नवलाचं नाही. थंडीत नाशिकजवळच्या निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली जातो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या करतात. आपल्याकडे मात्र पारा १५ च्या खाली गेला की स्वेटरचे फोटो सुरू होतात.

पिवळा, नारंगी, लाल इशारा म्हणजे नेमका किती पाऊस?

हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. साधारण याच क्रमाने पिवळा, नारंगी, लाल. तुलनेसाठी, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता.

इशाऱ्यासोबत भरतीची वेळ पाहणं ठाणेकरांनी सोडू नये. खाडीला भरती असताना जोराचा पाऊस आला, तर नाल्याचं पाणी बाहेर जाऊच शकत नाही.

महाराष्ट्रात जंगल किती आणि कुठल्या प्रकारचं?

वनाच्छादन राज्याच्या क्षेत्राच्या सुमारे साडेसोळा टक्के आहे. पण हा आकडा वाचताना जपून. उपग्रहाच्या चित्रावरून तो काढतात आणि ठरावीक दाटीची कुठलीही झाडं त्यात धरतात, त्यामुळे आंबा-काजूच्या बागाही येतात. कोकण नकाशावर हिरवंगार दिसतं त्यात बागायतदारांचाही वाटा आहे. अस्सल रानाचा सगळ्यात मोठा सलग साठा गडचिरोलीत.

घाटमाथ्यावर, जिथं पाऊस भरपूर आणि धुकं रेंगाळतं, तिथं सदाहरित रान: जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा. आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर ही त्याची ठिकाणं. राज्यप्राणी शेकरू भीमाशंकरला पाहायला मिळतं. केरळच्या रानाइतकी उंच झाडं आपल्याकडे नाहीत, कारण पाऊस कितीही असला तरी पुढचे सात-आठ महिने कोरडेच. शिवाय कड्यावरचा वारा झाडांना वाढू देत नाही. यातली काही उत्तम रानं आज टिकली आहेत ती देवरायांमुळे. देवाच्या रानात कुऱ्हाड घालायची नाही, या एका धाकाने.

घाटमाथ्याच्या दोन्ही अंगांना पानझडी जंगल. ओलसर भागात साग, ऐन, किंजळ, बिबळा, कळंब. कोरड्या भागात धावडा, सालई, पळस, तेंदू. ताडोबा आणि मेळघाट ही पानझडीच जंगलं. आलापल्लीच्या सागाचं नाव लाकडाच्या धंद्यात आजही आदराने घेतात. पूर्व विदर्भातल्या कित्येक आदिवासी घरांचा उन्हाळा मोहाची फुलं आणि तेंदूपानं वेचण्यावर चालतो.

पर्जन्यछायेत बाभूळ, बोर, हिवर, खैर अशी काटेरी झुडपं आणि गवताळ माळरानं आहेत. या माळरानांवर सरकारी कागदांनी फार अन्याय केला. ‘पडीक’ असा शिक्का मारून तिथं गिरिपुष्प नि सुबाभूळ लावली गेली आणि त्याला वृक्षारोपण म्हटलं गेलं. माळढोक, काळवीट, लांडगा, धनगरांची मेंढरं या सगळ्यांना झाड नको होतं, गवत हवं होतं. सोलापूरजवळच्या नान्नज आणि अहिल्यानगरमधल्या रेहेकुरी अभयारण्यात गेलात तर गवताळ माळ किती जिवंत असतो ते दिसेल. माळढोक दिसण्याची आशा मात्र आता धरू नये.

मार्च-एप्रिलमध्ये येऊर करपल्यासारखं दिसतं. झाडं मेली का?

नाही, पानं गाळून झाडं पाणी वाचवताहेत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग, आणि ते पानझडी जंगल आहे. पण जमीन काळी पडलेली आणि खोडं होरपळलेली दिसली तर तो वणवा. आपल्याकडे वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात, वनखात्याला कळवा.

उघड्या फांद्यांवर फुलोरा छान दिसतो, म्हणून तेव्हाच जावं. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, मग पळस आणि पांगारा, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि राज्यपुष्प ताम्हण. कारवी आठ वर्षांतून एकदा सगळीकडे एकदम फुलते: २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. फुलून बी धरलं की झाड मरतं. तिच्या सरळ काठ्यांनी पाड्यांवर कुडाच्या भिंती विणतात आणि त्या शेणामातीने लिंपतात.

जूनच्या तोंडावर ठाणे स्टेशनबाहेर मिळणारी शेवळं, कुलू या भाज्या कुठून येतात?

येऊर, शहापूर, मुरबाडकडच्या रानातून. वारली, ठाकर, कातकरी बाया त्या पहाटे गोळा करून लोकलने आणतात. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं; ती खाजरी असतात म्हणून सोबत काकडं ही आंबट फळं घालतात, आणि विकणारी बाई ती न मागताच देते. मग कुलू म्हणजेच फोडशी, टाकळा, भारंगी, करटोली. तो महिना गेला की ती भाजी पुढच्या वर्षी. घासाघीस करू नका.

खाडीतली झाडं काय कामाची? वास आणि डास, एवढंच दिसतं.

वास तिवरांचा नसतो, खाडीत सोडलेल्या सांडपाण्याचा असतो. ठाणे खाडीत मुख्यतः तिवर आहे. चिखलात हवा नसते म्हणून त्याची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी वर येतात, आणि जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पान जिभेला लावून पाहा. ही झाडं गाळ धरतात, भरतीचा जोर मोडतात, मासळीची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. जिताड्याचं कालवण आवडत असेल तर एवढं कारण पुरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवन, म्हणजे ही खाडीतली झाडी, तोडायला बंदी आहे आणि भोवतालची ५० मीटर पट्टीही संरक्षित आहे. पांढरी चिप्पी हा २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष.

आगरी समाजाने या खलाटीत बांध घालून, उघाडी म्हणजे पाणी अडवायची दारं बसवून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात पिकवला, मिठागरं चालवली. नवी मुंबईतले आजचे कित्येक नोड, म्हणजे वसाहती, त्याच भातखाचरांवर उभे आहेत.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे इथं असतात. कच्छकडून बरेच येतात. ठाणे खाडी अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जाता येतं. भरतीचं वेळापत्रक विचारूनच जा.

काळी माती, तांबडी माती, जांभा यांचं काय?

खडक एकच, पाऊस वेगळा. कमी पावसात बसाल्ट झिजून काळी कसदार जमीन होते. ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन तिच्यावर. अति पावसात क्षार धुऊन जातात, लोह उरतं, आणि जांभा हा तांबडा दगड तयार होतो: रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे सडे म्हणजे कातळाचे सपाट माळ, आंबा, काजू. माथेरानची लाल धूळही त्यातलीच.

सोसायटीत कोणतं झाड लावावं?

गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष आता पुरे. दोन्ही परदेशी, आणि वादळात फांद्या गाड्यांवर पडतात. बहावा, ताम्हण, बकुळ, सीतेचा अशोक, आपटा लावा. वाशी, नेरुळला खाडीच्या बाजूला खारा वारा सोसणारी करंज, उंडी, भेंड चांगली.

हा सगळा फरक एका दिवसात पाहता येईल का?

पाहता येईल. ऑगस्टमध्ये ठाण्याहून सकाळची नाशिककडची गाडी पकडा, खिडकीची जागा मिळेल असं पाहा. खर्डी-आसनगावपर्यंत भातखाचरं आणि सागाची रानं. कसाऱ्याला मागे जादा इंजिनं लागतात आणि इगतपुरीपर्यंतच्या पंधराएक किलोमीटरांत गाडी सुमारे ३०० मीटर चढते. इगतपुरीला बाहेर काही दिसणार नाही, इतका पाऊस. घोटी सोडलं की पाऊस विरळ होत जातो आणि नाशिकला ऊन पडलेलं असण्याची शक्यता बरीच. तिथून एसटीने सिन्नरला जा: भात संपून बाजरी आणि बाभळी लागतात. संध्याकाळच्या गाडीने परत या, आणि छत्री सिन्नरला विसरू नका.